वरच्या अंगाचा वारा

शिकारीआधी तीन दिवस
आबा घरात असून नसायचा.
तांबडा रस्सा बंद. कच्चा कांदा बंद.
तंबाखूची चंची आई खुंटीला अडकवायची
आणि साबणाची वडी मोरीतनं उचलून
वरच्या फळीवर, पाहुण्यांच्या कपबशांमागं.

अंघोळ नुसत्या राखेनं.
कपडे दोन रात्री करवंदीच्या जाळीवर टाकलेले,
तिसऱ्या रात्री शेणीच्या धुरावर धरलेले.
"धूर वळखीचा हाय त्येला," तो म्हणायचा,
"वणवा दर साल लागतोय.
वळखीचा न्हाई त्यो माणूस.
आन् नाक हाय त्येचं,
तुझ्यागत शेमडं न्हाई."

चपला मात्र उंबऱ्यातच.
कापशीच्या, एरंडेल पाजून काळ्या झालेल्या.
अनवाणीच निघायचा तो, म्हणायचा,
"कातडं काय बी इसरत न्हाई."

खिशात शेवरीचा कापूस.
चिमटीभर सोडायचा, तरंगत कुठं जातो बघायचा,
आणि मग सगळं रान वळसा घालून
वाऱ्याच्या खालच्या अंगाला जायचा,
अर्धा कोस जास्त पडला तरी.

ओलवणच्या पलीकडची एक रात्र
मला धुळू येडग्यानं सांगितली, तीही कितीतरी वर्षांनी,
राधानगरीच्या एस.टी. स्टँडवर, चहा बशीत ओतत.
सांबर आलं. दहा हातांवर आलं.
पाणी प्यालं, मान वर केली,
आबाकडं बघितलं
आणि आबाच्या आरपार मागचं झाड बघून
पुन्हा पाणी प्यालं.
"तुझा बा तितं नव्हताच गं," धुळू म्हणाला.
"मी शेजारी बसलेलो, तर मलाच भ्या वाटलं."
ठासणीची बंदूक मांडीवर होती.
चाप का ओढला नाही
ते धुळूला माहीत नाही.
मी दुसरा चहा सांगितला, तरी माहीत नाही.

त्या पहाटे आबा रिकाम्या हातानं आला
आणि खंड्या गुरगुरला.
त्याच्याच ताटातली भाकरी खाऊन वाढलेला कुत्रा
दारात आडवा, दात बाहेर.
मी दीड वर्षाची. मला उचललं,
तर मी गाव गोळा होईल अशी रडले.
आई आधी हसली,
मग हसायची थांबली.

आबानं खुंटीवरची चंची काढली,
तंबाखू दोन्ही तळव्यांवर चोळली,
ते हात माझ्या तोंडापुढं धरले
आणि विचारलं, "आत्ता?"

आई एवढंच सांगायची.
मी गप्प झाले की नाही, ते राहूनच जायचं,
कारण तोवर दूध उतू जायचं
किंवा कुणीतरी हाक मारायचं.

तो गेला त्याला चौथं वर्ष.
ट्रंकेतला खाकी सदरा काढला, तोंड खुपसलं.
धूर होता. पाला होता.
माणूस नव्हता.
इतकं चोख काम
करू नये कुणी.

चपला पलंगाखाली, सिमेंटच्या पिशवीत.
टाचेचा खड्डा, अंगठ्याचा खड्डा,
पट्ट्यावर घामाच्या मिठाची पांढरी रेघ.
दार लावून घेतलं
आणि खंड्यासारखी हुंगत बसले.
एरंडेल. तंबाखू. गुऱ्हाळाच्या वाटेची माती.
आणि त्याखाली एक काहीतरी,
ज्याला नाव नाही,
ज्याच्यावर मी कधीतरी झोपी गेले असणार.

आता राजारामपुरीत राहते, तिसऱ्या मजल्यावर.
पौषातल्या सकाळी वारा पूर्वेकडनं सुटतो,
गावावरनं निघतो तो थेट घाटाच्या जंगलात.
आज कांदा-लसणाची चटणी कुटली,
हात धुतले नाहीत.
त्याच्या चपला घातल्या, दोन बोटं मोठ्याच होतात,
आणि गच्चीवर जाऊन उभी राहिले,
पाठ वाऱ्याकडं, तोंड दाजीपूरकडं.

अगदी चुकीची जागा.
आबा असता तर दंडाला धरून ओढलं असतं.

ओढू दे.
कळू दे रानाला
मी कुठं उभी आहे ते.