पता आणि पत्ता

पहाटे पावणेसहाला निहारचा मेसेज, बंगळुरूहून.
एक गाणं, आणि खाली: आई, ऐक. नीट ऐक.
नीट म्हणजे कसं, ते लिहिलेलं नाही.

डिकीत बर्फाचा डबा ठेवते,
लाल झाकणाच्या नळ्या, जांभळ्या झाकणाच्या,
एका कानात गाणं अडकवते
(दुसरा कान रस्त्याला, नियम माझाच)
आणि रामबागेतून निघते.

मुलगा गातोय की तक्रार करतोय, कळत नाही.
मागे लिफ्टचं दार मिटल्याचा आवाज,
मुद्दाम घातलाय की राहून गेलाय?
मग ती ओळ, तीनदा:
‘मेरा पता
बस डिलिवरीवाले को पता.’

पाटणीपुऱ्याच्या सिग्नलला हसले, एकटीच.
कोटी बरी आहे. अण्णांना आवडली असती.
मराठीत करून पाहिली, जमेना.
तिकडे पता म्हणजे ठिकाण, आणि पता म्हणजे ठाऊक.
आपला पत्ता एका त-नं जड,
तो लागतो, नाहीतर लागत नाही,
एखाद्याचा कट होतो.
ठाऊक असणं त्यात कुठेच नाही.

कचरागाडी आपलं गाणं वाजवत पुढे गेली.
त्या गाण्याचा अर्थ कुणी विचारत नाही,
लोक बादल्या घेऊन धावतात.

स्कीम चौऱ्याहत्तर, बी विंग, चौथा मजला.
धारकर, वय एकोणऐंशी, उपाशीपोटीची साखर.
दार उघडायला किती वेळ, मला पाठ आहे:
चष्मा, कडी, मग साखळी.
डाव्या हाताची शीर पळते, उजवीकडची शहाणी.
कापूस दाबून धरा म्हटलं, तर म्हणाले,
‘तूच धर, तेवढाच कुणाचा हात.’

नाही, असं ते म्हणाले नाहीत.
गाण्यात म्हणाले असते.
ते म्हणाले, ‘जिन्यातला दिवा गेलाय, जपून उतर.’

तिसऱ्या मजल्यावर, अंधारात, ओळ पुन्हा आली
आणि पाय थांबला.
अगं, ही तर मीच.
ज्याला पत्ता ठाऊक असतो तो,
आणि ज्याच्याबद्दल पुढे गाण्यात
एक अक्षर नाही.
कुणाच्या दारात किती चपला, तो मोजत असतो
आणि एक जोड कमी झाला की
विचारत नाही.

मागच्या दिवाळीत निहारचा डबा परत आला,
चिरोटे चुरा होऊन. वर शिक्का: इथे राहत नाहीत.
वर्षात तीन खोल्या बदलल्या त्यानं.
रात्री साडेअकराला त्याची बेल वाजवणारा
कुणी एक पोरगा असेल.
तो दार उघडतो तेव्हा कसा दिसतो, रे?
दाढी वाढलीय? हात कापतो का पैसे देताना?
पण आता पैसे हातात कोण देतं.

साडेनऊला नळ्या लॅबमध्ये जमा केल्या.
उभ्याउभ्या पोहे खाताना लिहिलं:
ऐकलं. लिफ्टनंतर तो काय म्हणतो?
गिटारमुळे ऐकू नाही आलं.

आलं होतं.

लिहितोय, दिसलं. थांबला. पुन्हा लिहितोय.
पोह्यांवरचं जिरावण ओलं झालं.
मग शब्द नाही, नुसता नकाशा आला,
आणि त्यावर एक लाल थेंब.

मी त्यावर अंगठा दाबून धरला,
कापूस धरतात तसा,
मोजून दोन मिनिटं.