रंग पळतात

जर्मनीहून मेल आला: कलर्स रन.
मी बारावी नापास, घरची टायपिस्ट.
म्हटलं, नायना, आपल्या टॉवेलांचे रंग पळायलेत म्हणे.
धोट्यावरची नजर न हलवता नायना म्हणाले,
"कुणाच्या मागं?"

डिक्शनरी अशोक चौकातल्या रद्दीवाल्याची,
शेवटची पानं उंदरानं खाल्लेली, पण हा शब्द शाबूत.
त्याच्याखाली दीड पान.
नाक वाहतं, ते रन.
दुकान चालवायचं, तेही.
सूत संपलं तर मागं आऊट जोडायचा.
निवडणुकीला आपण उभे राहतो,
ते पळतात.

मार्चपासून आमचे चार माग उभेच आहेत,
निवडणूक नसताना.

अम्मा विड्यांचं सूप बाजूला सारून म्हणाली,
"रंगु पोयिंदि. गेला, एवढंच की."
तेलुगूत जातो, मराठीत जातो.
घरच्या दोन्ही भाषांत
रंगाला पळायची घाई नाही.

उत्तरात मी लिहिलं: सॉरी.
पुढच्या लॉटचं सूत नायनांनी स्वतः धुतलं,
तीनदा, नळाखाली,
पाणी नितळ येईस्तोवर.

त्या नळाच्या पाण्यालाही तोच शब्द आहे,
हे मी त्यांना सांगितलं नाही.