विश्रांतीचा दर

ओसाकाहून ह्यांनी माझ्यासाठी आणला
दात घासायचा एक ब्रश.
पारदर्शक कागदात, न फोडलेला.
बाकीचं, म्हणजे पंखा, बिस्किटं, सासूबाईंचे मोजे,
पहिल्याच दिवशी वाटून संपलं होतं.

ब्रशाचं रात्री सांगितलं, माग सुरू झाल्यावर.
वडगावात सगळं माग सुरू झाल्यावरच सांगायचं असतं.
भिंतीपलीकडं दिराचे चार माग, खटक-खट, खटक-खट.
बावीस वर्षं त्या आवाजाच्या आडोशाला आमचा संसार झाला.
लाईट गेली की माग थांबायचे.
मग आम्हीपण थांबायचो,
अंधारात श्वास धरून,
हेस्कॉमला मनातल्या मनात शिव्या देत.

तर, शेवटची गाडी चुकली होती म्हणे.
गल्लीत एक हॉटेल, वाढदिवसाच्या केकसारखं.
दारात कोण नाही.
भिंतीवर खोल्यांचे फोटो, आतून दिवे लागलेले.
दिवा विझला असेल त्या खोलीत कुणीतरी आहे.
बटण दाबायचं.
फळीखालच्या फटीतून दोन हात आले,
किल्ली ठेवून गेले. तोंड नाही.
नाव विचारलं नाही, गाव नाही,
बरोबर कोण, ते तर नाहीच.
पाटीवर दोन दर: मुक्काम आणि विश्रांती.
विश्रांती म्हणजे काय
ते ह्यांना वर गेल्यावर, उशा मोजून कळलं.

"दोन सपाता, दोन पेले, दोन ब्रश.
छताला चांदण्या, बंद करायचं बटण सापडेना.
झोप लागली नाही, सुगंधा.
कसलाच आवाज नव्हता खरं."

वैशाखात आम्ही निपाणीला गेलो.
घरात सांगितलं, गुडघ्याचे डॉक्टर.
तवंदीचा घाट लागला तसा मी पदर दोनदा सारखा केला, उगीच.
मग तंबाखूचा वास आला. पोचलो.

लॉजच्या पाटीवर वर कन्नड, खाली कन्नड,
मधी रंग फासलेलं काहीतरी,
त्यातली एक वेलांटी अजून दिसते.
काउंटरवरचा पोरगा आमच्या थोरल्याएवढा.
"याव ऊरु?"
"वडगाव. बेळगाव."
"आधार."
माझ्या कार्डावर अजून बापाचं नाव, नंदगडचा पत्ता.
ह्यांच्या कार्डावर
ह्या भाषेतून त्या भाषेत जाता-येता
सांबरेकरचा सांब्रकार झालेला.
रजिस्टरात एक रकाना, नात्याचा.
पोराचं पेन तिथं थांबलं. "गंड-हेंडती?"
"हौदु," मीच म्हणाले.
"प्रूफ?"

काय दाखवू? पोटावरचे टाके?
हे खाली फरशीकडं बघत उभे.
तेव्हा मी ह्यांना भांडले, तिथंच,
पाण्याची बाटली बसमध्ये विसरली म्हणून,
मनापासून, चांगली दोन मिनिटं.
पोरानं मान हलवली आणि रकाना भरला.

भाडं पूर्ण दिवसाचं. विश्रांतीचा दर इथं नसतो.
दुसरा मजला, कमळं छापलेली चादर,
साबण एकच, कुणाचा तरी अर्धा झालेला.
ह्यांनी कडी लावली.
मग लागली का ते परत बघितलं.
आणि इतकं शांत झालं
की माझ्या बांगड्यांची मलाच लाज वाटली.
पलंगाच्या दोन कडांना दोघं बसलो,
बघण्याचा कार्यक्रम असल्यासारखे.

"माग नाही," हे म्हणाले.
"नाही."
पंख्यानं बऱ्याच फेऱ्या घातल्या.
मग ह्यांनी पलंगाच्या फळीवर
बोटांनी हळूच सुरू केलं. खटक-खट. खटक-खट.
मला हसू आवरेना. हात धरला.
म्हटलं, राहू दे ते. लाईट गेली समजा,
आणि थांबू नका.

तीन वाजता उठून मी पिशवीतनं ब्रश काढला,
कागद दातांनी फाडला.
"आता? दुपारचं?" हे म्हणाले, डोळे मिटूनच.
नळ सोडला.
पाण्याचा केवढा आवाज झाला.