कडे

पहाटे तीनला न्यूलिनच्या बाजारात
मी मासे निवडते.
हेकचे पाच आकार. एक म्हणजे सगळ्यांत थोराड,
पाच म्हणजे पोरासोरांच्या ताटातला.
काट्यावर ठेवायचा, वजन बघायचं,
त्याच्या खोक्यात सरकवायचा, वर फावडंभर बर्फ.
अठरा वर्षांत हात असा बसलाय
की काटा नुसता साक्षीला.

म्हणून जुलैतल्या शुक्रवारी
केरेन्साच्या दप्तरातून तपकिरी पाकीट निघालं
तेव्हा वाटलं, हे तर आपलंच काम.

वाचन: अपेक्षित पातळीकडे वाटचाल.
लेखन: अपेक्षित पातळीकडे वाटचाल.
गणित: अपेक्षित पातळीवर.
शेवटचा रकाना, ‘अधिक खोलीवर’,
वरपासून खालपर्यंत कोरा.

माझा भाऊ डेन्झिल वाचून म्हणाला,
खोलात मासा असतोच असं नाही,
दोर मात्र जास्त लागतो.
आणि माझी उरलेली बिस्किटं संपवून गेला.

माझ्या वेळी आकडे होते. दोन क, दोन ब, तीन.
अकराव्या वर्षी मला चार मिळाले.
आईने कागद शेजारच्या लव्हडेबाईंना दाखवला.
चार म्हणजे काय, दोघींनाही ठाऊक नव्हतं.
पाचाच्या खाली म्हणून लव्हडेबाई हळहळल्या,
तीनाच्या वर म्हणून आई हसली.
पुढे ते आकडेच काढून टाकले.
माझे चार अजून डब्यात आहेत,
चलनातून गेलेल्या नाण्यासारखे.

मिस ट्रेगिअरनी दहा मिनिटं दिली.
छोट्या खुर्चीत माझे गुडघे हनुवटीला.
ढ आहे का ती?
नाही.
मग मागे आहे?
त्यांनी पेन्सिलचं टोक बोटाने चाचपलं.
म्हणाल्या, एक यादी असते.
यादीतलं किती तिला कुणी न सांगता जमतं,
आणि नेहमी जमतं, की एखाद्याच मंगळवारी,
एवढंच या कागदावर आहे. तीच काही कागदावर नाही.
शिवाय ती ऑगस्टअखेरची. तिच्या बाकावरचा पीरन
सप्टेंबरचा. इयत्ता एक, पण तो
जवळजवळ एक आख्खा वर्षभर आधी जन्मलेला.

हे मी वजन करून पाहिलं. सातातलं एक वर्ष.
चाळिशीत ते हाताला लागतसुद्धा नाही.

तरी घरी येताना ‘कडे’पाशीच अडखळले.
‘कडे’ म्हणजे तोंड तिकडे आहे.
अंतर किती, ते ‘कडे’ सांगत नाही.
होडी बंदराकडे वळली की धक्क्यावर
कुणी तिला ‘पोचली नाही’ म्हणत नाही.
येतेय, म्हणतात.
(खोटं कशाला बोलू. कधीकधी म्हणतात,
आणि मग घड्याळ बघतात.)

शनिवारी तिला धक्क्यावर नेलं.
मनात होतं, कागद खोटा पाडायचा.
आणि तिने घडाघडा वाचल्या की सगळ्या होड्या!
बॉय डेव्हिथ, लेडी मॉरवेना, सी स्पारो,
बोट पुढे, नाव पुढे, एकही चूक नाही.
माझी मान ताठ.

तेवढ्यात दिव्याच्या पलीकडून
ब्रिक्सहॅमची एक परकी होडी आत शिरू लागली,
हिरवी, कधी न पाहिलेली.
ही कुठली गं?
ती गप्प.
मग कळलं. मघाच्या होड्या तिने वाचल्याच नव्हत्या,
रंगावरून ओळखल्या होत्या,
मी हेक ओळखते तशा.

कागद बरोबर होता.

केरेन्साने डोळे बारीक केले,
हवेतच बोट धरलं अक्षराखाली.
प्. प्र. प्रो.
बोट थांबलं, मागे आलं, पुन्हा निघालं.
प्रोव्. प्रोव्हि.
शब्द माझ्या जिभेच्या टोकावर होता.
दात मिटून धरला.
होडी धक्क्याला लागायला अजून वेळ होता.