ठिपक्याची जागा

इतवारीत भांड्यांच्या दुकानावर परांची बांधून
हेडाऊ पेंटर पत्र्यावर पितळेची गुंडी काढत होते.
आधी पिवळा, मग काव, तळाशी हिरवट काळा.
दुपारपर्यंत मला ती मातीचीच दिसत होती.
पितळेचा रंग डब्यात मिळत नाही.

मग बारीक ब्रश. पांढऱ्यात लिंबाइतकं पिवळं,
गुंडीच्या खांद्यापाशी, जरा डावीकडे, एकदाच
आणि पत्र्याला वजन आलं.
खालून कुणी टिचकी मारली असती तर घुमली असती.

मी म्हटलं, एक मी लावू?
लावला. उजवीकडे, सावलीत.
"झाला चुना," ते म्हणाले. "कबुतर हागल्यावानी."
तोच रंग. त्याच वाटीतला.

"इकडे पाह्य. हा टर्पेंटाईनचा डबा.
मान हलव. उजेड सरकते का नाही?
आता हा त्याच्यावरचा डाग. हा सरकते का?
सरकते ते चमक. बसून राह्यते तो डाग.
पाटीवर तं काहीच सरकत नाही बाबू,
म्हणून जागा चुकली का संपलं."

ते वर्ष मी मान वाकडी करत हिंडलो.
कळमन्यात मेण चढवलेली संत्री
आदल्या आठवड्याची, पण आत्ता तोडल्यासारखी.
गांधीबागेत ताग्याच्या घडीवरून
उजेड घसरला तर रेशीम, मुरला तर सूत.
मे महिन्यात वर्धा रोडवर
पुढे पुढे पळणारं, कुणाचेच पाय न भिजवणारं पाणी.

मग फ्लेक्स आला.
त्यावरची गुंडी आमच्यापेक्षा कितीतरी चकाकते,
आणि वरून ट्यूबलाइटचा पट्टा
गुंडीवर, फोन नंबरवर, मालकाच्या मिशीवर
सारखाच फिरतो.

मागच्या महिन्यात पाचपावलीला गेलो.
मोतीबिंदू अजून पिकायचा आहे.
"सगळ्यालेच प्रायमर मारल्यासारखं दिसते," म्हणाले.
मुलानं नवीन फरशी बसवलेली,
दारातून तिच्यावर तिरपं ऊन.
चहाला आत जाताना ते थांबले,
पायजमा घोट्याच्या वर धरला
आणि कोरड्या फरशीवर
पाणी ओलांडायचं लांब पाऊल टाकलं.

मग वाकून बोट टेकवलं. बोट डोळ्यांजवळ नेलं.
"कोण होता रे कारागीर?" त्यांनी विचारलं,
मान अजून डावी-उजवी हलवत,
"ठिपका बराबर जागी मारला लेकाच्यानं."