उसनी सब्बल

खवसे मास्तर देव मानत नाही.
हे गावात सगळ्यांना माहीत,
मारुतीच्या पारालासुद्धा, कारण तो तिथंच बसतो,
सावली चांगली पडते म्हणून.

मी संत्र्याची कलमं बांधतो.
जंभेरीची साल चिरायची,
आत दुसऱ्या झाडाचा डोळा बसवायचा, वरून पट्टी.
सव्वीस वर्षं डोळे बसवतोय,
उघडायला त्यांना कोण शिकवतं, ते कळलं नाही.
मास्तर म्हणतो, रस चढतो, पेशी जुळतात.
बरोबर आहे. मीही पोरांना हेच सांगतो.

वाद पेटला तो सब्बलीवरून.
नव्या बगीच्यात खड्डे घ्यायचे होते,
खाली मुरूम, कुदळ नुसती उडत होती.
मास्तर घरून सब्बल घेऊन आला.
म्हटलं, कोणाची?
"गोमाजी बेल्याकडून आनली व्हती."
त्यानं?
"त्यानं भोजराजकडून. भोजराजनं कोंढाळीच्या पाहुन्याकडून."
आणि पाहुण्यानं?
"आनली असन कोनाकडून तरी. उसनी."

मी खड्ड्याच्या काठावर बसलोच.
म्हटलं मास्तर, सगळेच उसनी आणणारे
तर सब्बल आली कुठून?
रांग लांबवली म्हणून लोखंड तयार होत नाही.
हजार उभे करा, लाख करा,
प्रत्येकाचा हात मागच्यापुढं पसरलेला;
कोणाची तरी स्वतःची असल्याशिवाय
माझ्या हातात हे वजन आलं कसं?
आणि हा मुरूम, ही जंभेरी, तुम्ही, मी,
नसतो तरी कोणाचं अडलं नसतं.
तरी आहोत.
हे असणं कोणाकडून आणलं?

मास्तर हसला नाही. त्याची हीच गोष्ट मला आवडते.
गडव्यातलं पाणी प्यायला, मिशा पुसल्या.
"मंग त्या मालकानं कोनाकडून आनली?"
म्हटलं, आणली असती तर तो मालक कसला,
तोही रांगेतलाच.
"बरं. असन एखांदा.
पन इतकी वर्सं झाली,
आपली वस्तू मांगाले काहून नाई आला तो?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.
म्हणजे होतं.
मागायला तो एकदा आला होता,
कुंदा चार वर्षांची होती तेव्हा.
ढोड्याकाठचा तो खड्डा मास्तरनंच खणला होता,
मला हात लावू दिला नव्हता.

मी काही बोललो नाही.
त्यालाही आठवलं असावं,
कारण त्यानं एकदम माझ्या हातातून सब्बल ओढली
आणि पुढचे तीन खड्डे
एकट्यानंच घेतले, मान वर न करता.
घामानं सदरा पाठीला चिकटला होता.

संध्याकाळी सब्बल कोणाच्या घरी गेली,
आता दोघांनाही आठवत नाही.
परवा भोजराजचा पोरगा विचारत आला होता.
त्यालाही ती कोणाला तरी द्यायची होती.