छे

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मोजदाद केली.

घड्याळं नऊ, पैकी चालणारं एक,
ते वीस मिनिटं पुढे.
बिस्किटांच्या डब्यात हार्मोनियमचे सुटे सूर,
हलवला की खुळखुळतात, वाजत नाहीत.
उर्दू लिपीच्या दोन वह्या,
दोन्ही लामपाशी थांबलेल्या.
निवडुंग सतरा.
(मला धरून अठरा, असं तुम्ही पाहुण्यांना सांगायचात.)

आणि न्हाणीतल्या पिंपावर ती काच,
दुर्बिणीसाठी घासायला घेतलेली.
वडाला बायका फिरतात तसे
तुम्ही तिच्याभोवती फिरायचात, काच काचेवर घासत,
ओल्या वाळूचा तो करकर आवाज,
माझे दात शिवशिवायचे.
विचारलं होतं मी, सात जन्म कुणाला मागताय?
तर म्हणालात, शनीची कडी.
वहीत फेऱ्यांचा हिशेब आहे:
अकरा हजार चारशे.
पुढचं पान कोरं.

प्रतापनगरच्या रेल्वे कचेरीत
एकतीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब जुळवलेत,
पैची चूक नाही.
घरी मात्र प्रत्येक खात्यात बाकी.
'एक ना धड, भाराभर चिंध्या'
हे मी इतक्यांदा म्हटलं
की शेवटी तुम्ही ते बोरूने, सुरेख वळणात,
जाड कागदावर उतरवलंत
आणि देव्हाऱ्याशेजारी लावलंत.
चौकट तेवढी करायची राहिली.

जाऊबाई म्हणाल्या, चिंध्यांचीच गोधडी होते हो.
होत नाही.
मी रोज रात्री करून बघते.
निवडुंग टोचतो, काच गार लागते,
घड्याळ कुशीखाली येतं.

एकदा भांडले होते मी,
ज्या वर्षी पगारातून पाण्यातले मासे आले, त्या वर्षी.
इतके नाद तुमचे, त्यात मी कुठे?
चहात पाव बुडवत तुम्ही म्हणालात,
नाद सुटतात.
बस, एवढंच.
पाव फार वेळ बुडवलात, तुटून पडला.
तुम्ही चमच्याने तो काढत बसलात
आणि मी भांडण कुठवर आलं होतं ते विसरले.

काल, उत्तरायणाच्या आदल्या संध्याकाळी,
दार वाजलं.
सुरतेचा हार्दिक, समोरच्या मकवाणांचा भाचा,
दरवर्षी मामाकडे येतो तो पतंगांपुरता.
त्याला कुणी सांगितलं नसावं.
यंदा पुढचे दात आलेत,
तोंडाला जरा मोठेच.
हातात दहा कोरे पतंग,
भोकं पाडायचे, कन्नी बांधायचे.
काकांच्या कन्नीचा पतंग गोता खात नाही
असं हा सुरतभर सांगत असतो म्हणे.

'काका छे?'

चाळीस वर्षं बडोद्यात काढली,
दांडिया बाजारात भाजीला घासाघीस गुजरातीत केली,
आणि ऐन वेळी तोंडून मराठी निघालं:
'छे.'

त्याने ते गुजराती ऐकलं.
चपला काढल्या,
पतंग मांडीवर नीट लावून घेतले
आणि पायरीवर बसला, वाट बघत.

दुरुस्त करायला मी तोंड उघडलं.
मिटलं.
आत, वीस मिनिटं पुढे, सहाचे ठोके पडले.
मी दोऱ्याचं रीळ शोधायला लागले.